विषाणूचा माग आणि फ्लॅटचा नंबर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत बी विंगमधल्या आपल्या एका सदस्येने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या पुण्यातल्या एका प्रयोगशाळेतून वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्या आहेत. भाषणात ज्या दोन कुटुंबांचा उल्लेख आहे त्यांनी मजकूर वाचून संमती दिली आहे. त्यांच्या आणि वक्त्यांच्या इच्छेनुसार नावं-आडनावं छापलेली नाहीत. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांत मी आपल्या सोसायटीच्या या स्टेजवर फक्त दोनदा चढलेय. एकदा हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला आणि एकदा टँकरच्या बिलावरून भांडायला. आजची तिसरी वेळ. माझ्यानंतर मुलांचे नाच आहेत आणि मसालेभाताचा वास तर आत्ताच यायला लागलाय, तेव्हा मी लांबण लावणार नाही. कमिटीने विषय दिला, 'करोनाचे व्हेरियंट कसे शोधले गेले'. विषय शास्त्राचा आहे, पण मी सुरुवात लिफ्टपासून करणार आहे.

२०२१ चा मे महिना. आपण सगळे ज्यांना नुसतं अण्णा म्हणायचो, ते एप्रिलच्या शेवटी गेले. त्यांचं दिवसकार्य होऊन आठवडा झाला असेल. मी लॅबमधून परत येत होते आणि त्यांचा मुलगा लिफ्टपाशी उभा होता. मास्क लावून, लांब. तो म्हणाला, "काकू, तुमच्याकडे ते सिक्वेन्सिंगचं मशीन आहे ना? मग बाबांना कोणाकडून आलं ते शोधून द्या. बाबा महिनाभर घराबाहेर पडले नव्हते. बिल्डिंगमधूनच आलंय."

मी त्याला म्हटलं, "अरे, तसं नसतं ते." आणि जिन्यानं वर निघून गेले. पुढे साडेतीन वर्षं आम्ही भेटलो की "कसं काय", "बरं आहे", एवढंच. गेल्या दिवाळीत मी त्याच्या घरी जाऊन त्याला नीट उत्तर दिलं. तेच आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगणार आहे. तो इथे चौथ्या रांगेत बसलाय आणि त्यानंच मला सांगितलं की, काकू, हे सगळ्यांना सांगा.

आता आधी शास्त्र.

करोनाचा विषाणू म्हणजे काय? एका तेलकट वेष्टनात गुंडाळलेली एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर साधारण २९,९०० अक्षरं असतात. अक्षरं फक्त चार प्रकारची, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. विषाणू आपल्या पेशीत शिरला की पेशीला कामाला लावतो आणि त्या चिठ्ठीच्या नकला काढून घेतो. हजारो नकला. आणि नकला म्हटल्या की चुका आल्याच.

इथे मला आपल्या पुण्याचंच एक उदाहरण द्यायचंय. लॉ कॉलेज रोडवर भांडारकर संस्था आहे, माहीत आहे ना? तिथे १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचं काम चाललं होतं. देशभरातून महाभारताच्या पोथ्या गोळा केल्या, शेकड्यांनी. कुठली काश्मीरची, कुठली बंगालची, कुठली केरळची. पोथ्या हातानं उतरवलेल्या, त्यामुळे प्रत्येकीत पाठभेद. एका लेखनिकानं एखादा शब्द चुकवला की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती चूक जाते. मग अभ्यासक काय करतात? पोथ्या शेजारी-शेजारी ठेवतात. ज्या पोथ्यांत तीच तीच चूक, त्या एका घराण्यातल्या. अशी पोथ्यांची वंशावळ तयार होते.

आम्ही लॅबमध्ये हेच करत होतो. फरक एवढाच की आमचा लेखनिक विषाणू होता आणि तो रात्रंदिवस नकला काढत होता.

तुमच्या नाकातून स्वॅब घेतला की तो एका नळीत, थंड पेटीतून लॅबमध्ये यायचा. आरटीपीसीआर नुसतं हो किंवा नाही सांगते. विषाणू आहे की नाही, एवढंच. कोणता, ते नाही. ज्या पॉझिटिव्ह नमुन्यात विषाणू भरपूर आहे असेच नमुने सिक्वेन्सिंगला घ्यायचे, कारण विषाणू थोडा असेल तर चिठ्ठी नीट वाचता येत नाही. मग ती लांबलचक चिठ्ठी तुकड्या-तुकड्यांनी वाचायची. एकेक तुकडा साधारण ४०० अक्षरांचा. शेवटी कॉम्प्युटरवर ते तुकडे जोडून पूर्ण मजकूर लावायचा आणि वुहानहून आलेल्या मूळ मजकुराशी ताडून बघायचा. तो मूळ मजकूर चिनी शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जगासाठी खुला केला होता. त्यावरूनच पुढे जगभरात चाचण्या आणि लसी बनल्या. ही केवढी मोठी गोष्ट, पण आपण ती विसरून गेलो.

आम्ही वाचलेला मजकूर 'जीसेड' नावाच्या आंतरराष्ट्रीय साठ्यात जायचा. ब्राझील, डेन्मार्क, दक्षिण आफ्रिका, पुणे, सगळ्यांचे मजकूर एकाच ठिकाणी. तिथे जुळणी व्हायची आणि घराण्यांना नंबर पडायचे. बी.१.१.७, बी.१.६१७ अशी गाडीच्या नंबरसारखी नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील, ती हीच.

आता गोष्ट आपल्या राज्याची. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये केंट भागातून एक व्हेरियंट वेगानं पसरत असल्याचं लक्षात आलं. त्याची एक सोयीची खूण होती. काही आरटीपीसीआर किट विषाणूची तीन ठिकाणं तपासतात. या व्हेरियंटमध्ये त्यातलं एक ठिकाण दिसायचंच नाही, दोनच दिसायची. म्हणजे चिठ्ठी पूर्ण न वाचताही अंदाज बांधता यायचा. त्याच डिसेंबरमध्ये आपल्याकडे इन्साकॉग ही प्रयोगशाळांची साखळी सुरू झाली. सुरुवातीला देशात दहा लॅब, त्यातल्या दोन पुण्यात, एनआयव्ही आणि एनसीसीएस. नंतर कितीतरी वाढल्या. बी.जे. मेडिकलमध्येही हे काम मोठ्या प्रमाणावर झालं आणि मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतंत्र लॅब सुरू झाली.

आपण सगळे ब्रिटनच्या विमानांकडे बघत होतो आणि इकडे विदर्भात वेगळंच काही चाललं होतं. जानेवारी २०२१ आठवा. रुग्ण कमी झाले होते. आपले मास्क हनुवटीवर आले होते. सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, मीही गेले होते. आणि फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ इथले आकडे अचानक वर जायला लागले. अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. तिथल्या आणि राज्यातल्या इतर नमुन्यांत चिठ्ठीतले काही बदल पुन्हा पुन्हा दिसायला लागले. त्यांची नावं ई४८४क्यू, एल४५२आर, पी६८१आर. ही नावं लक्षात ठेवू नका, परीक्षा नाहीये. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की यातल्या पहिल्या दोन बदलांचे नमुने महाराष्ट्रात १५ ते २० टक्के आहेत आणि ते आधी माहीत असलेल्या कुठल्याच धोकादायक व्हेरियंटशी जुळत नाहीत. मागे जाऊन जुने नमुने तपासले तेव्हा कळलं की हे घराणं ऑक्टोबर २०२० पासूनच देशात होतं. त्याची एक शाखा पुढे सगळ्यांवर भारी पडली. तीच बी.१.६१७.२, म्हणजे डेल्टा. ११ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तिला चिंताजनक व्हेरियंट ठरवलं. तोवर आपल्या अण्णांना जाऊन दोन आठवडे झाले होते.

तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरमध्ये आलेला विषाणू मार्चमध्ये कळतो, मग तुम्ही करत काय होतात? प्रश्न बरोबर आहे आणि त्याची उत्तरं काही मोठी गूढ नाहीत. एक, डेल्टाला ती केंटवाल्यासारखी सोयीची खूण नव्हती. पूर्ण चिठ्ठी वाचल्याशिवाय तो ओळखूच येत नव्हता. दोन, पॉझिटिव्ह नमुन्यांतले ५ टक्के सिक्वेन्सिंगला पाठवायचे असं ठरलं होतं, प्रत्यक्षात त्यापेक्षा फार कमी यायचे. तीन, नमुना घेतल्यापासून अहवाल तयार होईपर्यंत कधी पंधरा दिवस, कधी तीन आठवडे जायचे. तोवर विषाणू चार गावं पुढे.

आणि चौथं उत्तर, ज्याच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. नळीबरोबर एक फॉर्म येतो. नाव, वय, तारीख, पत्ता, पिनकोड, मोबाईल, लक्षणं, प्रवास. विषाणूच्या चिठ्ठीवर गाव लिहिलेलं नसतं बरं का. गाव त्या फॉर्मवर असतं. चिठ्ठी कितीही अचूक वाचा, फॉर्म खोटा असेल तर नकाशावरचा ठिपका भलत्याच ठिकाणी पडतो. आणि फॉर्म खोटे असायचे. मोबाईल नंबर लागायचे नाहीत. पत्ता वेगळाच निघायचा. का? कारण खरा पत्ता दिला तर महापालिकेची माणसं येतील, दारावर कागद लागेल आणि सोसायटीला कळेल.

सोसायटीला कळेल. आता मी आपल्याकडे येते.

जून २०२०. सी विंगमध्ये आपला पहिला रुग्ण सापडला. बँकेत नोकरीला होते, त्यांना घरी बसण्याची मुभा नव्हती. त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून कमिटीला सांगितलं, खरं खरं सांगितलं. मी तेव्हा कमिटीवर होते. लॅबमधली म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. तर आपण काय केलं? तीनही विंगच्या नोटीस बोर्डवर आणि ग्रुपवर नोटीस लावली. त्यात त्यांचा फ्लॅट नंबर होता. ती नोटीस मी लिहिली होती. मराठीत आणि इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात.

पुढचे तुम्हाला आठवत असेल. त्यांचा दूधवाला बंद. कचरा चार दिवस दारात. त्यांच्या घरच्यांना लिफ्ट वापरू नका असं सांगितलं गेलं, घरात त्यांची ऐंशीच्या घरातली आई होती. रुग्णवाहिका आली तेव्हा गॅलऱ्यांतून मोबाईल निघाले. ते बरे होऊन परत आले, आणि त्यानंतर दोन वर्षं त्यांची मुलगी खाली खेळायला आली नाही. विषाणू किती दिवस अंगात राहतो, किती अंतरावरून पसरतो, हे मला त्या नोटिशीच्या दिवशीही माहीत होतं. मी एक शब्द बोलले नाही. सगळे घाबरलेत, मीच कशाला मध्ये बोलू, असं वाटलं.

आता एप्रिल २०२१. एका रविवारी माझ्या मिस्टरांना ताप आला. कणकण असेल म्हटलं. सोमवारी खोकला. मला कळत नव्हतं का? रोज तेच काम करत होते. बुधवारी चाचणी केली. आणि फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यात मी माझ्या बहिणीचा, पेठेतला पत्ता लिहिला. पिनकोडही तिचाच. कारण डोळ्यांसमोर माझ्याच अक्षरातली ती नोटीस आली. या वेळी तिच्यावर आमचा नंबर असणार होता.

रविवार ते बुधवार, चार दिवस. त्या चार दिवसांत मी लिफ्टनं गेले, भाजीच्या टेम्पोपाशी उभी राहिले, आणि मंगळवारी जिन्यात अण्णांशी दोन मिनिटं बोलले. ते दाराबाहेर तुळशीला पाणी घालत होते. मास्क होता माझा. त्यांचा नव्हता.

दहा दिवसांनी अण्णा ऑक्सिजनवर होते.

आता मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. बाबांना कोणाकडून आलं?

पहिलं, अण्णांचा नमुना सिक्वेन्सिंगला गेलाच नव्हता. त्या महिन्यात पुण्यात रोज हजारोंनी पॉझिटिव्ह येत होते, त्यातले मोजकेच पुढे जायचे. पण समजा गेला असता. समजा आपल्या बी विंगमधल्या प्रत्येक रुग्णाचा नमुना वाचला असता. तरी उत्तर मिळालं नसतं.

परत पोथ्यांकडे चला. या विषाणूच्या एका घराण्यात महिन्याला साधारण दोन चुका साठतात, म्हणजे पंधरवड्याला एक. आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो चार-पाच दिवसांत जातो. म्हणजे सलग तीन-चार माणसांमध्ये चिठ्ठी अगदी सारखी असू शकते, एका अक्षराचाही फरक नाही. चार पोथ्या शब्दशः सारख्या असतील तर कुठली कुठल्या पोथीवरून उतरवली, हे भांडारकरमधल्या विद्वानालाही सांगता येणार नाही. एका बिल्डिंगमधल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या अशाच निघतात. त्यातून फार तर एवढं कळतं की हे सगळे एका साखळीतले दिसतात. चिठ्ठ्यांत बराच फरक निघाला तर याच्याकडून त्याला गेला नाही, असंही बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. पण याच्याकडूनच त्याला गेला, असं नुसत्या चिठ्ठीवरून म्हणता येत नाही. मधला एखादा माणूस कधी तपासलाच गेलेला नसतो. लक्षणंच नसलेला असतो. दूध टाकणारा असतो, ऑक्सिजन सिलिंडर आणून देणारा असतो.

सिक्वेन्सिंग गावाचा, राज्याचा, देशाचा माग काढतं. अमरावतीत काही नवं आहे, ते वाढतंय, पुण्याकडे सरकतंय, हे ते सांगतं. त्यावरून किती खाटा लागतील, ऑक्सिजन कुठे पाठवायचा, लस अजून चालतेय का, हे ठरवता येतं. माणसावर बोट ठेवण्यासाठी ते हत्यार बनवलेलंच नाही.

म्हणून मी त्या मुलाला दिवाळीत म्हटलं, "मशीन सांगू शकत नाही. माझ्याकडून गेलं असेल का? असू शकेल. नसेलही. मला आयुष्यभर कळणार नाही. पण त्या चार दिवसांत आमच्या घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं आणि मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू बाबांना दाराबाहेर येऊ दिलं नसतंस. एवढं मात्र मला कळतं." तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं सांगितलं की त्याच आठवड्यात त्यालाही बारीक ताप होता. त्यानंही कोणाला सांगितलं नव्हतं. गोळी घेतली आणि कामावर गेला. चार वर्षं तो बोट दुसऱ्याकडे दाखवत होता, कारण ते स्वतःकडे वळण्याची भीती वाटत होती. आम्ही दोघांनी चहा घेतला. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आतून चिवडा घेऊन आल्या.

हे लपवणं काही आपल्याच सोसायटीचं नाही. याच पुण्यात १८९७ साली प्लेगच्या वेळी गोरे सोजीर घराघरांत घुसून रुग्ण शोधत होते, माणसं छावण्यांत नेत होते. लोकांनी काय केलं? रुग्ण लपवले. त्या जुलमाचा शेवट रँडच्या वधात झाला, तो इतिहास आपण शाळेत शिकलो. पण त्यातला हा साधा भाग राहून जातो की, सांगणाऱ्याला शिक्षा झाली की माणूस सांगायचं थांबतो, आणि मग रोगाला मोकळं रान मिळतं.

देशांचंही तसंच. १९१८ च्या तापाला जग स्पॅनिश फ्लू म्हणालं. तो स्पेनमधून निघाला म्हणून नव्हे. पहिलं महायुद्ध चालू होतं, लढणाऱ्या देशांत बातम्यांवर बंधनं होती. स्पेन तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांनी खरं छापलं. खरं छापलं म्हणून नाव त्यांच्या कपाळी बसलं!

शंभर वर्षांनी पुन्हा तेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवानातल्या लॅबना एक विचित्र चिठ्ठी दिसली, तीस-तीस बदल फक्त बाहेरच्या काट्यावर. त्यांनी वेळ घालवला नाही. २४ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, २६ ला त्याचं ओमिक्रॉन नाव पडलं. जगानं त्यांना बक्षीस काय दिलं? दोन दिवसांत विमानं बंद. आणि मग कळलं की नेदरलँडमधल्या १९ नोव्हेंबरच्या नमुन्यात ओमिक्रॉन आधीच होता. आपल्याकडे २ डिसेंबरला कर्नाटकात पहिले दोन सापडले, त्यातल्या एकानं परदेश प्रवास केलाच नव्हता. दोन दिवसांनी डोंबिवलीत आणि लगेच पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्येही. म्हणजे दार लावलं तेव्हा पाहुणा आत बसलेला होता. ज्यांनी आधी सांगितलं, त्यांच्याच दारावर नोटीस. आपल्या सी विंगच्या दारासारखीच.

म्हणूनच ३१ मे २०२१ ला व्हेरियंटना अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरांची नावं देण्यात आली. 'यूके स्ट्रेन', 'इंडियन व्हेरियंट' ही नावं टाळायची म्हणून. परदेशी असलेल्या आपल्या मुलांना त्या दिवसांत ऑफिसात 'इंडियन व्हेरियंट' ऐकताना कसं वाटलं असेल, हे इथल्या काही आईबापांना माहीत आहे. मग फ्लॅट नंबरवाल्या माणसाला कसं वाटलं असेल?

आता शेवटचं, आणि मग मुलांचे नाच.

५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. विषाणू काही संपला नाही. व्हेरियंट येतच आहेत, जेएन.१ तुम्ही ऐकला असेल. पुढे कधीतरी दुसरा एखादा विषाणू येईल, तेव्हा मी असेन-नसेन. सोसायटी असेल. रौप्यमहोत्सव झाला, सुवर्णमहोत्सव व्हायचाय. म्हणून कमिटीपुढे मी तीन गोष्टी लेखी दिल्या आहेत, त्या इथे वाचते.

एक. आजारी माणसाचं नाव किंवा फ्लॅट नंबर बोर्डवर किंवा ग्रुपवर कधीही जाणार नाही. 'अमुक विंगमध्ये रुग्ण आहे, मास्क वापरा, लिफ्टमध्ये गर्दी नको', एवढं पुरे. त्यानं सगळ्यांचं रक्षण होतं.

दोन. ज्या घरानं कळवलं, त्या घराला त्याच दिवशी दोन माणसं नेमून द्यायची. दूध, औषध, कचरा, डबा. म्हणजे कळवलं तर काहीतरी मिळतं, जात नाही, हे लोकांना दिसलं पाहिजे. अण्णांच्या मुलानं यात पहिलं नाव दिलं आहे. दुसरं नाव सी विंगच्या त्या मुलीचं आहे. ती आता कॉलेजात आहे.

तीन. चाचणीचा फॉर्म भरताना खरा पत्ता, खरा पिनकोड. हे मी कोणत्या तोंडानं सांगतेय ते तुम्हाला आता कळलं आहे. माझ्या मिस्टरांचा नमुना पुढे वाचला गेला का, मला माहीत नाही. गेला असेल तर जगाच्या त्या मोठ्या नकाशावर एक ठिपका पुण्यातल्या चुकीच्या पेठेत आहे. तो मी टाकलेला आहे आणि आता मला तो पुसता येत नाही.

आणि एक गंमत. सिक्वेन्सिंगचा एक मार्ग असाही आहे ज्यात कोणाचं नाव विचारावंच लागत नाही. विषाणू आपल्या पोटातूनही बाहेर पडतो आणि सांडपाण्यात जातो. आपल्या पुण्यात एनसीएलच्या संशोधकांनी सांडपाण्याचे नमुने घेऊन विषाणूचा माग काढला. त्या पाण्यात ए विंग, बी विंग, मालक, भाडेकरू, वॉचमन, सगळे एक होतात. तेव्हा ज्या ड्रेनेज चेंबरवरून आपण प्रत्येक एजीएमला भांडतो, तो उद्या आपला सगळ्यात प्रामाणिक सभासद ठरू शकतो. तो काही लपवत नाही. पण तो फक्त वस्तीत विषाणू आहे एवढं सांगेल. शेजारच्या घरात म्हातारं माणूस आहे, जरा जपा, हे त्याला सांगता येणार नाही. ते आपल्यालाच एकमेकांना सांगावं लागेल.

सी विंगचे ते गृहस्थ आज आलेले आहेत. त्यांची मी घरी जाऊन माफी मागितली आहे, पण नोटीस सगळ्यांसमोर लागली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. भाऊ, तुम्ही आम्हाला खरं सांगितलंत. तेव्हा आभार मानायला हवे होते. ते आज मानते.

सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. चला, मुलं मेकअप करून ताटकळली आहेत.